अळणी पेज

"दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर माणूस कुणाचाच नसतो," असं सैनबात्ता एकदा म्हणाली होती.

गाडीत म्हणाली होती, खिडकीबाहेर बघत. मी गाडी चालवत होतो. पंचायतीच्या घरसेवेची ती पांढरी गाडी मी नऊ वर्षं चालवली आणि नऊही वर्षं माझ्या शेजारी मांडीवर औषधांची पेटी घेऊन सैनबात्ता बसलेली असायची. नर्स होती. केरळातल्या आमच्या कुरिंजिक्कावू गावात तिला नुसत्या 'सैनबा' अशा नावानं हाक मारणारे थोडे. बाकी सगळ्यांची ती सैनबात्ता, म्हणजे सैनबा ही थोरली बहीण. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांची. थोरल्या बहिणीला असतो तसा कडक आवाजही होता तिला.

आमच्याकडे बेचाळीस घरं होती. बेचाळीस अंथरुणं. प्रत्येक घरात दारामागे एक खिळा आणि खिळ्याला एक निळी फाइल. रोग्याला जो कोणी तपासेल, चोळेल, धुईल, त्यानं त्या फाइलमध्ये लिहायचं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी लिहायचं, व्यायाम करून घेणाऱ्या मुलीनं लिहायचं, सरकारी आयुर्वेद दवाखान्याच्या वासुण्णी वैद्यांनी लिहायचं. रविवारी नुसता गप्पा मारायला येणारा शेजारीसुद्धा लिहायचा, 'आज हसले' किंवा 'आज जेवले नाहीत'. ही रीत सैनबात्तानं लावलेली. डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलायचे. फाइल जागची हलायची नाही.

"माझ्या डोक्यावर विसंबू नका, खिळ्यावर विसंबा," ती नव्या डॉक्टरांना सांगायची. "माझं डोकं बासष्टाव्या वर्षी निवृत्त होणार आहे. खिळा नाही होणार."

चात्तुक्कुट्टीच्या घरी मात्र खिळ्यावरची फाइल अर्धी खोटी होती. आणि ते मला धरून फक्त तिघांना माहीत होतं, असं आम्ही समजत होतो.

चात्तुक्कुट्टी ताडी काढणारा. पन्नाशीपर्यंत रोज सतरा माड चढायचा. एका सकाळी अठराव्यावर चढला आणि खाली आला तेव्हा कमरेखाली काही उरलं नव्हतं. "कमरेखालचं घर रिकामं आहे सिस्टर, कुणी भाडेकरू असला तर बघा," असं तो आमच्या पहिल्याच फेरीत म्हणाला होता. वर्षभर तसा हसत राहिला. मग एकदा अकरा रात्री झोपला नाही. चाकांच्या खुर्चीत बसून गावातल्या प्रत्येक माडाला लोखंडी शिडी लावायचा आराखडा त्यानं भिंतीवर कोळशानं काढला. बायकोच्या कानातलं काढून कुणा लोहाराला विसार म्हणून देऊन टाकलं. बाराव्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं आणि महिनाभर वळला नाही. अंथरूण बदलताना सैनबात्ताला गादीखाली ताडी छेदायची जुनी कोयती सापडली. ती तिनं पदराखाली घातली आणि गाडीत माझ्या सीटखाली ठेवली. अजून तिथंच आहे.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आरोग्य केंद्रात मनाच्या आजारांचा दवाखाना भरतो. जिल्ह्याहून एक डॉक्टरीणबाई येतात. त्यांनी चात्तुक्कुट्टीला लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या, आणि दोन महिन्यांत माणूस भिंतीकडून परत आपल्याकडे वळला.

गोळ्यांची पहिली पट्टी घेऊन सैनबात्ता फाइलमध्ये लिहायला बसली, तेव्हा दमयंतीनं, म्हणजे चात्तुक्कुट्टीच्या बायकोनं, तिचा हात धरला.

"त्या फाइलमध्ये नको. गल्लीतला कुणीही येतो नि फाइल चाळतो. माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय. बाप लंगडा म्हटलं तर लोक हळहळतात, बाप वेडा म्हटलं तर दार लावून घेतात. वेड रक्तात असतं म्हणतात, सैनबात्ता."

"वेड नाही ते. आजार आहे. रक्तदाबासारखा."

"मग रक्तदाबाच्या रोग्याकडं बघतात तसं लोकांना बघायला शिकवा आधी. मग लिहा."

 सैनबात्ताच्याही घरात एक धाकटी बहीण होती, जिचं नाव आमच्यासमोर कधी निघालं नाही. तिनं पेनाला टोपण लावलं. गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत ओतल्या. मंगळवारच्या दवाखान्याच्या वहीत नाव होतं, पण ती वही कुलपात. घरची फाइल स्वच्छ राहिली. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीकडं कुणी वाकून बघत नाही.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यातल्या कर्किडकम महिन्यात वासुण्णी वैद्यांनी चात्तुक्कुट्टीला उपचार द्यायचे ठरवले. त्या महिन्यात आमच्याकडे शुभकार्यं नसतात, निम्मं गाव तेल लावून पडलेलं असतं. चौदा दिवस तेल, शेक, मधे एकदा जुलाबाचं औषध, आणि रोज दोन्ही वेळा औषधी पेज. बिनमिठाची. उपचार संपल्यावर तितकेच दिवस तेच पथ्य. वैद्य काटेकोर माणूस. फाइल शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचून मगच त्यांनी लिहिलं: 'पथ्य. मीठ वर्ज्य.'

पाचव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा चुलीवर पेज रटरटत होती. मेथी, जिरं, 'नवरा' नावाच्या औषधी तांदळाचा वास. दमयंतीनं दोन वाट्या आमच्याही हातात दिल्या. सैनबात्तानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय गं हे, समुद्र इतक्या जवळ नि मीठ नाही?"

चात्तुक्कुट्टी खाटेवरून म्हणाला, "मीठ खाल्लं की धन्याशी इमान राखावं लागतं, सिस्टर. म्हणून महिनाभर सुट्टी."

आम्ही हसलो. तिनं वाटी संपवली. फाइलमध्ये पथ्याची ओळ तिनं वाचली आणि खाली आपली सही केली. कर्किडकमात माणूस अळणी खातो, यात नोंद घेण्यासारखं कुणाला काय वाटणार? तिच्या स्वतःच्या घरीही पंधरा दिवस तीच पेज शिजत होती.

त्यानंतरची आमची फेरी चुकली. पुलावरून पाणी होतं. पुढची फेरी कर्किडकम संपून लागलेल्या चिंगम महिन्याच्या तिसऱ्या दिवशी.

त्या दिवशी फाटकाबाहेर एक लाल मोटार उभी होती. ओसरीत चपलांची रांग. दमयंती मागच्या दारातून धावतच आमच्याकडे आली. नवी साडी, कपाळाला घाम.

"आज नको, सैनबात्ता. उद्या या. मुलाकडचे आलेत. कर्किडकम संपायची वाट बघत होते."

"लघवीची नळी बदलायची आहे. आधीच आठवडाभर उशीर झालाय. दहा मिनिटं लागतील, मागून जाते."

"नको म्हटलं ना!" मग आवाज खाली आणून, "यांची जीभ जड झालीय सकाळपासून. मुलाचा मामा म्हणाला, सकाळीच झाली वाटतं. त्यांना वाटतंय, हे प्यायलेत. वाटू दे."

"प्यायलेत?"

"कुठून पिणार? कोण आणून देणार? पण वाटतंय तर वाटू दे ना. ताडीवाला ताडी प्यायला, त्यात काय. हसून सोडून देतात लोक."

 सैनबात्ता तिला बाजूला करून स्वयंपाकघरातून आत गेली. पेटी घेऊन मी मागे.

ओसरीतून हसण्याचा आवाज आला. मुलाचा मामा म्हणत होता, "अहो, ताडीवाल्याच्या घरी ताडी नसणार तर काय गुलाबपाणी असणार? आमच्या आजोबांचीही जीभ दुपारी बाराला बंद व्हायची." माणूस वाईट नव्हता. वातावरण सैल करायला बघत होता.

आत खाटेवर चात्तुक्कुट्टी पडला होता. डोळे अर्धे मिटलेले. हात थरथरत होते. थंडीनं थरथरतात तसे नव्हे, कुणी आतून दार हलवावं तसे. चादर घाण झालेली.

"जुलाब कधीपासून?"

"तीन दिवस. वैद्यांचं औषधच तसं असतं ना. पोट साफ होतंय."

"ते औषध कधी दिलं होतं?"

दमयंतीनं बोटांवर मोजलं आणि मोजता मोजता थांबली. दोन आठवडे होऊन गेले होते.

"चात्तुएट्टा, दादा, मी कोण?"

तो काहीतरी बोलला. शब्द तोंडातच एकमेकांवर पडले. 'शिडी' एवढंच मला कळलं.

दमयंती कुजबुजली, "तेच परत सुरू झालंय. एक गोळी जास्त देऊ का? काल रात्री मी दिली एक जास्त. म्हटलं, पाहुणे जाईपर्यंत शांत राहू देत."

सैनबात्ता वळली. चुलीवर भांडं होतं. तिनं झाकण काढून तर्जनी पेजेत बुडवली आणि जिभेवर ठेवली. तिच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि त्या बाईच्या हातात माणसं मेलेली मी पाहिली होती.

"अजून मीठ नाही," ती म्हणाली. दमयंतीला नव्हे. मला तर नव्हेच.

फोन तिनं तिथूनच लावला, जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंना. मी शेजारी उभा होतो, पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. लिथियम म्हणजे तरी एक प्रकारचं मीठच. अंगातलं साधं मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंडं याला धरून ठेवतात, बाहेर जाऊ देत नाहीत. साचत साचत त्याचं विष होतं. "गोळी बंद. आत्ता निघा. तालुक्याच्या इस्पितळात रक्त घ्या, सलाइन लावा, मी तिथं फोन करते. सैनबा, त्याला मीठ सोडायला कुणी सांगितलं? मी तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," सैनबात्ता म्हणाली आणि फोन ठेवला.

उचलायला चार माणसं हवी होती. दारात मुलाचा मामा उभा होता. केव्हा आला कळलं नाही. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "पाय मी धरतो." घाणीची पर्वा न करता त्यानं पाय धरले, आणि गाडीत आमच्याबरोबरच बसला. दमयंतीही चढली; तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं पाय धरण्यापेक्षा निघून गेला असता तर बरं झालं असतं. सैनबात्तानं खिळ्यावरची फाइल काखेत घेतली.

तालुक्याला पोचायला पस्तीस मिनिटं लागतात. चोविसाव्या मिनिटाला चात्तुक्कुट्टीला आकडीचा झटका आला. मी आरशात बघत नव्हतो. मागून सैनबात्ताचा आवाज येत होता, एकसुरी, वेळ मोजणारा. मग आवाज थांबला आणि तिनं "चालव" एवढंच म्हटलं.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता, जिबिन नावाचा. सव्वीस-सत्तावीसचा, डोळ्यांत रात्रपाळीची झोप. जिल्ह्याहून येणारा फोन अजून आला नव्हता, किंवा आला असेल तर दुसऱ्याच टेबलावर वाजला असेल. त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली आणि वर न बघता विचारलं, "काय काय औषधं चालू आहेत?"

आम्ही चौघं त्या खाटेभोवती उभे होतो. मामा चात्तुक्कुट्टीच्या उशाशी.

"काही नाही," दमयंती म्हणाली. "हाडांच्या गोळ्या. आज ताडी प्यायलेत जरा."

डॉक्टरनं फाइल मागितली. पानं उलटली. औषधांच्या पानावर बोट वरून खाली नेलं. फाइल स्वच्छ होती. त्याला तिच्यावर विश्वास ठेवायला शिकवलेलं होतं. सगळ्या तालुक्याला शिकवलेलं होतं, सैनबात्तानंच.

"ताडी," तो नर्सला म्हणाला. "ग्लुकोज लावा, झोपू दे. साखर बघा."

दमयंतीनं सैनबात्ताचं मनगट धरलं होतं. बांगड्यांवरून, घट्ट. ओठ हलले. "पोरीचं वाटोळं करू नका, सैनबात्ता." आवाज नव्हता त्यात.

 भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता आणि तो हलत होता. दोन वर्षांपूर्वी दिलेला शब्द सैनबात्ताच्या तोंडात होता आणि जिभेवर ती अळणी पेज. ती मामाकडे बघत होती. त्यानं चात्तुक्कुट्टीचं डोकं एका हातानं सरळ धरून ठेवलं होतं.

नर्स ग्लुकोजची बाटली घेऊन आली.

"डॉक्टर," सैनबात्ता म्हणाली. आवाज घराबाहेर ऐकू जाईल असा, नेहमीचा. "ताडी नाही. हा माणूस दोन वर्षं लिथियम घेतोय. मनाच्या आजारासाठी. महिनाभर मीठ बंद, तीन दिवस जुलाब, काल रात्री एक गोळी जास्त. वाटेत झटका आला. फाइलमध्ये नाही, कारण मी लिहिलं नाही."

मनगटावरची बोटं सुटली.

डॉक्टर जिबिन खाडकन जागा झाला. त्यानंतर सगळं भराभर झालं: रक्त, मिठाच्या पाण्याची बाटली, मोठ्या इस्पितळाला फोन, रुग्णवाहिका. रक्तातली लिथियमची पातळी हवी त्याच्या जवळजवळ तिप्पट निघाली. मामा बाहेर जाऊन हात धुऊन आला आणि बाकावर बसला. थोड्या वेळानं त्याची लाल मोटार त्याला न्यायला आली.

संध्याकाळी वासुण्णी वैद्य स्कूटरवरून आले. साठीचा माणूस, कमरेला गुंडाळलेला मुंडू चिखलानं भरलेला. सैनबात्तापुढे उभे राहिले.

"मी फाइल वाचली होती, सैनबा. दोनदा वाचली होती."

ती म्हणाली, "माहीत आहे, वैद्यबुवा."

तिला शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या ओंजळीत घेतल्या असत्या. त्यांनी दिल्या नाहीत. खिशातून दोन केळी काढून तिच्या शेजारी ठेवली आणि ते तिथेच बसून राहिले.

मोठ्या इस्पितळात चात्तुक्कुट्टीचं रक्त दोनदा यंत्रातून धुतलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला नावानं ओळखलं आणि विचारलं, "गाडीत घाण केली का रे मी? मागची सीट तशीही बदलायलाच झाली होती."

महिनाअखेरीला पंचायतीच्या सभागृहात सगळे जमले. आरोग्य केंद्र, आयुर्वेद, मंगळवारच्या डॉक्टरीणबाई, आमची घरसेवा. एका टेबलाशी हे सगळे तोवर कधी बसले नव्हते. एकमेकांना अक्षरानं ओळखायचे. अध्यक्षांना वैद्यांवर खापर फोडायचं होतं, ते सोपं होतं. सैनबात्ता उठली आणि स्वतःची चूक सांगितली, तारखेसकट. नंतर बराच वेळ वाद झाला. मनाचं औषध गल्लीनं वाचायचं की नाही? शेवटी फाइलच्या आत एक बंद पाकीट ठेवायचं ठरलं, फक्त उपचार करणाऱ्यांनी उघडायचं. महिन्यातून एकदा या सगळ्यांनी बेचाळीस नावं एकत्र वाचायची हेही ठरलं. आणि प्रत्येक घरात विचारायचं, चुलीवर काय शिजतंय. हा प्रश्न वैद्यांनी घालायला लावला. लोकांना तो हास्यास्पद वाटला. सैनबात्ता हसली नाही.

चात्तुक्कुट्टी घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मुलाकडून फोन आला नव्हता, होकाराचा नाही आणि नकाराचाही नाही. ओसरी झाडलेली होती. दमयंतीनं 'या' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही. चुलीपाशी पाठ करून उभी राहिली.

चात्तुक्कुट्टी उशीला टेकून मासळीचं कालवण आणि भात खात होता. हात अजून किंचित हलत होता. घास तोंडापाशी दोनदा थांबून जायचा.

सैनबात्तानं रक्तदाब घेतला. पाय पाहिले. मग खिळ्यावरची फाइल काढून जमिनीवर बसली, पाकीट काढलं, आणि गोळीचं नाव लिहिलं. किती, केव्हा, कधीपासून. खाली सही.

"लिहा," दमयंती चुलीकडूनच म्हणाली. "आता सगळं लिहा. लपवायला उरलंय काय या घरात? तुमचं मन हलकं झालं, आमचं घर उघडं पडलं."

"दमयंती," चात्तुक्कुट्टी म्हणाला.

"बोलू द्या मला. त्यांनी शब्द दिला होता."

"शब्द कुणाचा होता?"

ती वळली. त्यानं घास परत ताटात ठेवला. थरथरणाऱ्या बोटांनी ताटाच्या कडेची मिठाची चिमूट उचलली आणि भातावर टाकली; निम्मी चादरीवर सांडली.

"तू म्हणालीस लिहू नका. सिस्टर म्हणाल्या बरं. दोन वर्षं माझी गोळी हाडांच्या बाटलीत. पाय गेले माझे, कान गेले नव्हते. तुम्ही चुलीपाशी बोलत होता नि मी इथं ऐकत होतो." तो दमयंतीकडे नाही, सैनबात्ताकडे बघत होता. "एकदा विचारायचं होतं. मी मामाला सांगितलं असतं. आल्या आल्या सांगितलं असतं: माझं डोकं मधेच बिघडतं, गोळी घेतो, ठीक राहतो, चालत असेल तर बसा, नाहीतर केळ्याचे वेफर तेवढे खाऊन जा. आजार माझा होता ना, सिस्टर? की तोही कमरेखालीच गेला?"



सैनबात्तानं पाकीट बंद केलं, फाइलमध्ये घातलं. उठून फाइल खिळ्याला अडकवली. एका बाजूला कलली होती, ती सरळ केली. पेटी उचलली. दाराशी वळून त्याच्यापुढे मान तुकवली आणि बाहेर निघून गेली.